न दुखलेलं पोट

ह्वे शहरातल्या एका हॉस्टेलात, सकाळी सव्वासहा वाजता, मी पोट दुखत असल्याचं सांगितलं. पोट दुखत नव्हतं. मला तो दिवस एकट्याने काढायचा होता आणि दोन जिवलग मित्रांना तसं तोंडावर सांगण्यापेक्षा पोटाचं सोंग आणणं सोपं वाटलं. खोटं म्हणावं तर किरकोळच. ऑफिसात रजेसाठी यापेक्षा मोठी खोटी मी बोललो आहे आणि त्यांची आठवणही राहिलेली नाही. हे मात्र राहिलं. एकत्र फिरायला निघालेली माणसं एकमेकांचं नेमकं काय देणं लागतात, हा प्रश्न त्या दिवशी माझ्या उशाशी येऊन बसला, तो अजून तिथेच आहे.

आम्ही तिघं. दोघांची खरी नावं इथे देत नाही. ट्रेकच्या ग्रुपमध्ये एकाला सगळे मास्तर म्हणतात आणि दुसऱ्याला आप्पा. मास्तर शिकवत नाही, आप्पाही वयाने मोठा नाही. पण मास्तरच्या खिशात कायम वही असते आणि आप्पाच्या बोलण्यात कायम कुणीतरी म्हातारा माणूस असतो. पंधरा-सोळा वर्षं आम्ही सह्याद्रीत एकत्र हिंडलो. हरिश्चंद्रगडाच्या गुहेत कुडकुडलो, रतनगडावर वाट चुकलो, राजगडावर एका पातेल्यातली करपलेली खिचडी वाटून खाल्ली. एवढं झाल्यावर आपण कुणाला ओळखत नाही असं कसं म्हणायचं? २०२३च्या फेब्रुवारीत पाठीवर सॅक टाकून सोळा दिवसांसाठी व्हिएतनामला निघालो तेव्हा आमच्या मनात एवढंच होतं, की ट्रेकच आहे, फक्त लांबचा.

तो ट्रेक नव्हता. हनोईत तिसऱ्या दिवशीच कळलं. डोंगरावर माणसाला फारशी निवड नसते. वाट एक, पाणी एका टाक्यात, जेवण जे शिजेल ते. चालायचा वेग सगळ्यात मागच्या माणसाचा, हा नियम पहिल्या ट्रेकलाच अंगवळणी पडतो आणि त्यावर कुणी वाद घालत नाही, कारण मागच्याला सोडून पुढे गेलं तर काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं. शहरात मागे राहिलेला माणूस दरीत पडत नाही. तो कॉफी पीत बसतो. हनोईच्या जुन्या भागात एका चौकात उभं राहिलं की चाळीस गोष्टी खायला, दहा दिशांना जायला, आणि त्या प्रत्येकीची वेगळी किंमत. सोळा वर्षांत कधी न दिसलेली माणसं तिथे एकेक करून बाहेर यायला लागली.

मास्तरकडे तक्ता होता. कुठल्या दिवशी काय, किती वाजता, कुठून बस, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठे जेवण. मी त्याच्या तक्त्याची टिंगल करायचो. ‘अरे, जरा हरवू दे की,’ असं मी त्याला निदान पाच वेळा म्हणालो असेन. सहाव्यांदा तो भडकला. ‘तू हरव,’ म्हणाला, ‘तुला काहीही चालतं. मला उपाशी राहावं लागतं.’ मास्तर शाकाहारी आहे. व्हिएतनाममध्ये भाजीतसुद्धा माशांचा रस्सा घालतात, त्याला न्योक माम म्हणतात, आणि नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. तिथे शाकाहारी जेवणाला ‘चाय’ असा शब्द आहे. बौद्ध कुटुंबांतली पुष्कळ माणसं चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी चाय जेवतात, त्यामुळे तशी खानावळ मिळते, पण शोधावी लागते. मास्तरच्या वहीत अशा खानावळींची यादी होती, त्यांच्या बंद व्हायच्या वेळांसकट. त्याचा तक्ता म्हणजे त्याची भूक होती आणि मी तिला स्वभाव समजत होतो. उत्स्फूर्तपणा ही सगळं खाणाऱ्या माणसाची चैन आहे, हे मला पस्तिशी उलटल्यावर कळावं, याची थोडी लाज वाटते.

आप्पाचं वेगळं. आप्पा घासाघीस करायचा. अननसाच्या फोडी विकणाऱ्या बाईशी दहा हजार डोंगांवरून, म्हणजे आपल्या तीस-पस्तीस रुपयांवरून, तो दहा मिनिटं बोलत उभा राहायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी सांगतील तो भाव देऊन मोकळा होत असे, आणि त्यात मोठेपणा मानत असे. पण दोन आठवड्यांनी व्हिएतनामी भाषेत शंभरपर्यंत आकडे आप्पालाच येत होते. कुणाची मुलगी सायगॉनला कामाला आहे आणि कुणाचे गुडघे दुखतात, हेही त्यालाच ठाऊक होतं. मी ज्यांना पूर्ण पैसे दिले त्यांतल्या एकीचाही चेहरा मला आठवत नाही.

खरी अडचण काँट्रीची होती. मास्तर आमच्यात सगळ्यात जास्त कमावतो, मी मधला, आणि आप्पा कोकणातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग काढतो. गडावर काँट्री काढताना कुणाच्या पगाराचा प्रश्न आला नाही, कारण तांदूळ, डाळ आणि एसटीचं तिकीट यांच्यात फरक करण्यासारखं काही नसतं. इथे आम्ही त्याच जुन्या सवयीने सगळ्याचे तीन भाग करत राहिलो. मास्तरच्या आणि माझ्या बिअरचेसुद्धा. आप्पा पीत नाही. पहिले चार दिवस तो काही बोलला नाही. पाचव्या दिवशी रात्री त्याने जेवण नको म्हणून सांगितलं, दुपारचा पाव अजून पोटात आहे म्हणाला, आणि मी त्यावर विश्वास ठेवला. समान वाटा म्हणजे न्याय, हे आम्हाला इतकं स्वयंसिद्ध होतं की ज्याला तो वाटा परवडत नाही त्याने उपाशी झोपून तो न्याय टिकवून धरला. मास्तरच्या हे आधी लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी त्याने वहीत दारूचा हिशेब वेगळा काढला आणि त्यावर एक शब्दही बोलला नाही.

हल्ली याला ‘ट्रॅव्हल स्टाइल’ म्हणतात. स्टाइल म्हटलं की वाटतं, केसांचा भांग पाडावा तशी ही आपापली आवड आहे. तुझा डावीकडे, माझा उजवीकडे. आमच्या तिघांत आवडीचा भाग फार थोडा होता. मास्तरच्या मुळाशी भूक होती आणि मोजकी रजा होती. आप्पाच्या मुळाशी पैसा होता. आणि माझ्या? माझ्या मुळाशी काय होतं ते सांगणं सगळ्यात अवघड, कारण माझी काही स्टाइल आहे असं मला वाटतच नव्हतं. आपलं बोलणं आपल्याला जसं बिनहेलाचं वाटतं तसं. ते दोघं प्रवासाला आलेले पर्यटक, आणि मी मात्र खरा बघणारा. एका जागी तासभर बसणारा, यादी न करणारा. या समजुतीत मी सोळापैकी नऊ दिवस काढले. तिला अहंकार म्हणायला माझी हरकत नाही. पण अहंकारातसुद्धा एक खरी गरज असू शकते. मला रोज थोडा वेळ माणसांपासून दूर राहावं लागतं. नाहीतर मी चिडचिडा होतो, घरीही होतो. गडावर ती गरज आपोआप भागायची, कारण चढताना दम लागतो आणि कुणी बोलत नाही.

तर नवव्या दिवसाची सकाळ. त्या दिवशी आम्ही तिघं गुहा बघायला जाणार होतो, आणि ती गुहा आप्पाची होती.

आप्पाची म्हणजे कशी, ते सांगायला हवं. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून झालेला काळा, घट्ट दगड. अजिंठा, कार्ले, भाजे ही सगळी माणसांनी छिन्नीने कोरलेली लेणी. चुनखडीच्या डोंगरात पाणी झिरपून झिरपून जी आपोआप पोकळी तयार होते, थेंबाथेंबाने छतावरून खाली आणि जमिनीवरून वर खांब वाढत जातात, तशी गुहा आम्ही तिघांनीही कधी पाहिली नव्हती. आप्पाला तिचं वेड होतं. व्हिएतनामच्या फॉन्ग न्या–के बांग राष्ट्रीय उद्यानात सोन डूंग नावाची गुहा आहे. नव्वदच्या सुमारास हो खान या स्थानिक माणसाला तिचं तोंड सापडलं, पुढे ते पुन्हा हरवलं, आणि २००९मध्ये त्यांच्याच मदतीने ब्रिटिश गुहाशोधकांनी ती मोजली. आकारमानाने ती जगातली सगळ्यात मोठी गुहा मानतात. आत नदी आहे, जंगल आहे. आप्पाने तिचे व्हिडिओ किती वेळा बघितले असतील याला गणती नाही. तिथे जायला वर्षाला मोजक्याच लोकांना परवानगी मिळते आणि खर्च तेव्हा माणशी तीन हजार डॉलर, म्हणजे अडीच लाख रुपये होता. आप्पाने तो आकडा एकदा मोठ्याने उच्चारला आणि पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. मास्तरने मग त्याच उद्यानातली दुसरी गुहा तक्त्यात घातली. इंग्रजीत तिला पॅराडाइज केव्ह म्हणतात. २००५ साली सापडलेली, एकतीस किलोमीटर लांब, आणि त्यातलं पहिलं किलोमीटरभर अंतर लाकडी पायवाटेवरून कुणालाही चालत बघता येतं.

हनोईहून ह्वेला आम्ही रात्रीच्या गाडीने आलो, एका डब्यात सहा फळ्यांच्या बर्थवर. पहाटे गाडी दोंग होईला थांबली. गुहांचं सगळ्यात जवळचं स्टेशन ते. मी वरच्या बर्थवरून पाहिलं तर आप्पा खिडकीशी उभा होता. ‘इथनं जवळ आहे रे,’ एवढंच म्हणाला. ह्वेचं हॉस्टेल आधी ठरलेलं होतं, त्यामुळे कुणी उतरलं नाही. ह्वेहून गुहेची एका दिवसाची सहल निघते. जायला चार तास, यायला चार तास. माणशी साधारण चार हजार रुपये आम्ही आदल्या रात्री भरले. पैसे परत मिळत नाहीत हे पावतीवर लिहिलेलं होतं.

आणि मला जायचं होतं तू हिएउ या मठात. ह्वेच्या जरा बाहेर, पाइनच्या झाडांत. तिक न्यात हान्ह यांनी वयाच्या सोळाव्या वर्षी तिथे दीक्षा घेतली, कित्येक वर्षं परदेशात राहावं लागल्यावर २०१८मध्ये ते तिथेच परत आले आणि जानेवारी २०२२मध्ये तिथेच वारले. मी त्यांची दोन पुस्तकं वाचली होती आणि तिथल्या अर्धचंद्राकृती तळ्याच्या काठी एकट्याने बसायचं असं मुंबईतच ठरवलं होतं. मनाची जागरूकता शिकवणाऱ्या भिक्षूच्या मठात शांत बसता यावं म्हणून मी खोटं बोललो. आपल्याकडे बौद्ध वस्तीत लहान मुलांनाही पंचशील पाठ असतं आणि त्यातलं चौथं शील हेच, खोटं न बोलण्याचं. मला त्या क्षणी हे सुचलंसुद्धा नाही.

माझा हिशेब सरळ होता. ते दोघं गाडीत बसून जातील. मी तासाभराने उठेन, मठात जाईन, संध्याकाळी ‘बरं वाटतंय’ म्हणेन. कुणाचं काही बिघडत नाही. एक आजारी माणूस म्हणजे फार तर त्याची स्वतःची सहल बुडते.

मास्तर सॅक उचलून दारात उभा राहिला. आप्पाने बुटाची नाडी बांधता बांधता माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा सोडली.

‘तू जा रे,’ तो मास्तरला म्हणाला. ‘परक्या देशात याला एकटं कुठं टाकायचं? मी थांबतो.’

मी म्हणालो, अरे जा, एवढं काही नाही. तो म्हणाला, तू गप पड. मी पुन्हा म्हणालो. तो म्हणाला, पोटाचं असंच असतं, सकाळी काही वाटत नाही आणि दुपारी माणूस आडवा होतो. त्याच्या बोलण्यात असा एक म्हातारा येऊनही गेला, बहुतेक त्याचा काका. खाली गाडीचा हॉर्न वाजला. खरं सांगायला माझ्याकडे अर्धं मिनिट होतं. ते मी जाऊ दिलं.

कांटचा १७९७मधला एक छोटा निबंध आहे, परोपकारासाठी खोटं बोलण्याच्या कथित हक्काबद्दल. दारात आलेल्या खुन्याने तुमच्या घरात लपलेल्या मित्राचा ठावठिकाणा विचारला तरी खोटं बोलू नये, असं तो म्हणतो, आणि त्यासाठी लोक आजतागायत त्याला हसत आले आहेत. मीही हसायचो. पण त्यात एक मुद्दा आहे जो मला ह्वेच्या त्या खाटेवर आठवला आणि हसू आलं नाही. खरं बोललात तर पुढे काय होईल ते तुमच्या खात्यावर जात नाही. खोटं बोललात की त्यानंतर जे काही घडेल, अगदी कल्पनेतही नसलेलं, त्याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागतं; कारण गोष्टींची नैसर्गिक वाट तुम्ही अडवलीत आणि त्यांना दुसऱ्या वाटेला लावलंत. आप्पा थांबेल हे माझ्या कल्पनेत नव्हतं. नसायला नको होतं. सोळा वर्षं त्याच्याबरोबर हिंडल्यावर हे कळायला हवं होतं की बाकी कुणीही जाईल, हा जाणार नाही.

त्या दिवसाबद्दल थोडं विनोदीही सांगता येईल. बाहेर बारीक पाऊस. आठ खाटांची खोली, त्यात आम्ही दोघंच. आप्पाने सॅकमधून ओव्याची पुडी काढली, मीठ लावून मला चघळायला दिली. ओआरएसचं पाणी करून दिलं. सोंग टिकवायला मला अधूनमधून संडासात जाऊन उभं राहावं लागत होतं, आणि आप्पा मोजत होता. ‘पाचवी,’ तो म्हणाला, आणि काळजीत पडला, म्हणून मग मी जाणं कमी केलं. दहाच्या सुमारास तो पावसात बाहेर पडला आणि तासाभराने एका प्लास्टिकच्या डब्यात वाफाळती पेज घेऊन आला. तिथे तिला ‘चाव’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी त्यात कोंबडी नाहीतर डुकराचं मांस असतं. त्याने तीन दुकानं फिरून, फोनवर भाषांतर दाखवून, एका बाईकडून नुसती पांढरी पेज मिळवली होती. ‘अगदी आपल्यासारखी,’ तो हरखून सांगत होता, ‘उकड्या तांदळाची नाही, पण पेज ती पेज.’ त्याच्या आईने आजारपणात त्याला जे भरवलं असेल ते त्याला साडेतीन हजारांहून जास्त किलोमीटरवर सापडलं होतं. मी डबाभर पेज संपवली. ती फार चांगली होती.

तीस रुपयांसाठी दहा मिनिटं घालणाऱ्या माणसाने चार हजार रुपये सोडून दिले होते आणि दिवसभरात त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

नंतर तो बसल्या बसल्या झोपला आणि मी छताकडे बघत पडून राहिलो. त्या तासांत माझ्या डोक्यात एक शब्द घोळत होता. आपल्याकडे सोबत आणि संगत असे दोन शब्द आहेत आणि मी ते आयुष्यभर एकाच अर्थाने वापरत आलो. लहानपणी आई म्हणायची, आजी देवळात चाललीय, सोबतीला जा. आजीशी काय बोलायचं, तिचा वेग आपल्याला जमतो का, याचा त्यात प्रश्न नसे. तुमचं शरीर तिथे असणं पुरे. संगत वेगळी. ती निवडायची असते, ती लागते, चांगली-वाईट असते. मी कंटाळलो होतो तो संगतीला. आप्पाच्या घासाघिशीला, मास्तरच्या वहीला, एकाच विनोदावर तिसऱ्यांदा हसण्याला. तो कंटाळा मला सरळ सांगता आला असता. आप्पाने मात्र मला त्या दिवशी सोबत दिली, आणि सोबत नको म्हणायची सोय आपल्याकडे नाही.

का नाही, हाही प्रश्नच आहे. ‘मला आज एकट्याने राहायचंय’ हे मराठीत मित्राला सांगून बघा. पुढचं वाक्य ठरलेलं: का रे, कंटाळा आला का आमचा? आपल्याकडे एकांत मिळतो तो साधूला आणि नव्याने लग्न झालेल्यांना. बाकीचे एकटे असतात, आणि एकटा म्हटलं की बिचारा ओघाने येतो. अंगात ताप असला तरच माणसाला पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड करायची मुभा. म्हणून मी आजाराचा पास काढला. पण आजाराची दुसरी बाजू विसरलो. आजारी माणसाला आपल्याकडे कुणी एकटं सोडत नाही.

हे सगळं मी माझ्या बाजूने मांडतो आहे, याची मला कल्पना आहे. भाषेवर, समाजावर ढकललं की आपला भार हलका होतो. पण मी विचारून बघितलं नव्हतं. ‘आप्पा, मला आज नको’ एवढं म्हटलं असतं तर तो नाराज झाला असता का? झाला असता, चार तासांच्या वाटेवर पहिली वीस मिनिटं. मग त्याने गुहा पाहिली असती. मी त्याची नाराजी टाळली आणि त्याबदल्यात त्याची गुहा दिली. ती द्यायला माझी नव्हती.

इथे एक युक्तिवाद मी स्वतःशी बरेच दिवस केला. आप्पा थांबला तो स्वतःच्या मर्जीने. त्याचा चांगुलपणा खरा होता, आणि चांगुलपणा खरा असेल तर त्याचं कारण खोटं असलं म्हणून काय बिघडलं? देवळात नवस बोलणाऱ्याची श्रद्धा खरी असतेच की. दिसायला बरा युक्तिवाद आहे. पण त्या दिवशी निवड आप्पाने केली असं मला आता वाटत नाही. मित्राचं दुखणं आणि गुहा यांतून त्याने मित्र निवडला, हे खरं. मात्र त्याच्या पुढ्यात खरोखर जे होतं ते वेगळंच: मित्राचा कंटाळा आणि गुहा. त्याबद्दल त्याला कुणी विचारलंच नाही. त्याच्या आयुष्यातला एक निर्णय मी खोटा कागद पुढे करून त्याच्याकडून सही करून घेतला.

रात्री नऊला मास्तर परत आला. पावसाने भिजलेला, खूश. त्याने फोन आप्पाच्या हातात दिला. आप्पा खाटेच्या कडेला बसून एकेक फोटो बघत होता. पुढचा फोटो लगेच यायचा नाही. दोन बोटांनी मोठा करून, कोपऱ्यातला एखादा खांब बघून, मगच पुढे. ‘हा केवढा असेल रे?’ तो विचारायचा, आणि मास्तर हात पसरून दाखवायचा. मी भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी मला ‘बरं वाटलं’ आणि आम्ही तिघंही तू हिएउला गेलो. त्या मठाची एक गोष्ट सांगतात. न्यात दिन्ह नावाचे भिक्षू तिथे झोपडीत आपल्या म्हाताऱ्या आईची सेवा करत. आई आजारी पडली तेव्हा ते बाजारातून तिच्यासाठी मासे आणायला लागले. लोक म्हणाले, बघा हा भिक्षू, मासे खातो. त्यांनी कुणाला खुलासा केला नाही. खरं काय ते सम्राट तू डुकला कळलं तेव्हा त्याने त्या जागेला करुणा आणि मातृपितृभक्ती या अर्थाचं नाव दिलं. ही गोष्ट मी आधीच वाचलेली होती आणि मित्रांना मीच सांगितली, तळ्याच्या काठी उभा राहून. आप्पाला फार आवडली. सांगताना डब्यातली पेज माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि तरीही मी काही बोललो नाही.

पुढे होइ आन, सायगॉन, विमान. प्रवास चांगला झाला असं आम्ही सगळ्यांना सांगितलं, आणि तो झालाही होता. हॅझलिटने १८२२मध्ये लिहून ठेवलंय की भटकायला जावं तर एकट्यानेच. ज्याला मित्र नकोत त्याला हा सल्ला ठीक आहे. मला मित्र हवे होते आणि तास-दोन तास नकोही होते. यावर त्याच्याकडे काही उपाय नाही.

दोन वर्षांनी आप्पाच्या वडिलांचं ऑपरेशन झालं. रात्री एकाच माणसाला थांबू देतात, पण बाहेरच्या बाकावर आणखी एक जण बसला तर कुणी हटकत नाही. मी तीन रात्री गेलो. सोबत म्हणून. तिसऱ्या रात्री दोन वाजता, मशीनचा चहा हातात असताना, मी त्याला ह्वेचं सांगितलं. का त्याच वेळी, ते मलाही नीट कळत नाही. थकव्यात माणसाची कुंपणं ढिली पडतात, एवढंच म्हणतो. त्याच्यावर आधीच ओझं असताना मी माझं उतरवून ठेवलं, हेही खरं.

तो बराच वेळ चहा ढवळत राहिला. त्यात साखर नव्हती.

‘काहीच नव्हतं?’

‘नाही.’

‘मग पेज का संपवलीस सगळी?’

‘चांगली होती.’

तो हसला नाही. ‘मला म्हणायचं होतंस,’ तो म्हणाला. ‘म्हटलं असतंस तर मी गेलो असतो.’ आणि थोड्या वेळाने, ‘चार हजार दे.’ मी तिथल्या तिथे फोनवरून पाठवले. त्याने आवाज येईपर्यंत वाट बघितली, रक्कम तपासली, फोन खिशात टाकला. मला वाटलं होतं तो नको म्हणेल, किंवा दुसऱ्या दिवशी परत पाठवेल. त्याने पाठवले नाहीत आणि मला बरं वाटलं. ‘हे सहलीचे,’ तो वॉर्डकडे जाता जाता म्हणाला. ‘गुहेचं वेगळं.’

गुहेचं वेगळं म्हणजे काय, हे मी त्याला विचारलेलं नाही. वडील घरी आले, पावसाळ्यात आम्ही तिघं दोनदा डोंगरात जाऊन आलो, काँट्री काढली. त्याचं वागणं बदललेलं नाही. किंवा बदललं असेल तर मला ओळखू येत नाही, आणि त्याच्या बाबतीत मला काय ओळखू येतं याबद्दल मी आता फारशी खात्री देत नाही.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर त्याचा मेसेज आला. आंध्रात, विशाखापट्टणमहून अरकूला जाणाऱ्या रेल्वेवर, बोरा गुहालू नावाचं स्टेशन आहे. चुनखडीची गुहा तिथेही आहे. त्याने तिकिटं काढली होती. ‘एकटाच चाललोय. गुहा एकट्याने बघायचीय.’ बस, एवढंच. मास्तरने पाच मिनिटांत गाड्यांच्या वेळा आणि जेवणाच्या दोन जागा पाठवल्या. मी लिहिलं, ‘का रे, कंटाळा आला का आमचा?’ आणि पाठवायच्या आधी ते वाचलं, आणि खोडलं.

मग विचारलं, ओवा घेतलास का. अजून उत्तर आलेलं नाही. त्या मार्गावर बोगद्यांमागून बोगदे आहेत, रेंज मिळत नसावी.